प्रश्न चारचौघांत यावा



२०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली आणि पुढच्या काही महिन्यांत महाराष्ट्रातल्या जवळजवळ प्रत्येक महाविद्यालयात वर्गावर्गाचे व्हॉट्सॲप ग्रुप तयार झाले. टाळेबंदी उठली, वर्ग पुन्हा भरू लागले, ग्रुप मात्र राहिले. त्यांत काय असते ते आपण सगळे जाणतो. उद्याचे वेळापत्रक, परीक्षेचा अर्ज भरायची शेवटची तारीख, महाडीबीटीच्या शिष्यवृत्तीची सूचना, नोट्सची पीडीएफ, वाढदिवसाच्या शुभेच्छा. विषयातला प्रश्न मात्र तिथे सहसा दिसत नाही. ‘मला हे कळलं नाही, कुणाला कळलंय का?’ असे चारचौघांत विचारणारा विद्यार्थी विरळा. माझे आजचे म्हणणे या उणिवेबद्दल आहे. नावे एका यादीत आली म्हणून विद्यार्थ्यांचा समूह तयार होत नाही. एकमेकांच्या अभ्यासाची जबाबदारी त्यांनी थोडीतरी अंगावर घेतली की तो तयार होऊ लागतो, आणि त्याची सुरुवात न समजलेला प्रश्न सर्वांसमोर मांडण्यापासून होते. वर्गाची ऑनलाइन लेखी चर्चा हे काम करू शकते. ग्रामीण महाविद्यालयांत तर काही बाबतींत ती वर्गखोलीपेक्षाही सरस ठरू शकते. अट एकच आहे: ती शिकवण्याचाच भाग आहे असे मानून ती चालवली पाहिजे.

हा विषय सोनईत मांडण्याला कारण आहे. मुळा धरणाच्या पाण्याने आणि साखर कारखान्याने नेवासे तालुक्याच्या या भागाचे अर्थकारण बदलले, आणि त्यापाठोपाठ यशवंतराव गडाखांच्या पुढाकाराने मुळा एज्युकेशन सोसायटीचे शिक्षणकार्य इथे वाढले. कला, वाणिज्य आणि विज्ञानाचे महाविद्यालय गावात आहे, कृषी महाविद्यालय आहे. एके काळी पदवीसाठी नगर किंवा पुणे गाठावे लागे, ते शिक्षण दारात आले. तरीही आपल्या विद्यार्थ्याचा दिवस पाहा. पहाटे गोठ्यातले काम, डेअरीला दूध घालणे, मग एसटी किंवा कुणाच्या तरी मोटारसायकलवर मागे बसून महाविद्यालय. शेवटचा तास संपतो न संपतो तोच परतीची गाडी धरायची घाई, आणि मुलींना तर ती गाडी चुकवून चालतच नाही. वसतिगृहात राहणाऱ्याला रात्री जेवणानंतर शेजारच्या खोलीत जाऊन ‘ते गणित सुटलं का?’ असे विचारता येते. आपल्या बहुसंख्य विद्यार्थ्यांच्या दिवसात अशी वेळच नसते. हजेरीपटावर तो नियमित विद्यार्थी असतो, पण अभ्यासाच्या दृष्टीने तो निम्मा दूरशिक्षणाचा विद्यार्थी असतो. दुपारी गावी परतल्यावर त्याच्या विषयाबद्दल बोलायला घरात आणि वाड्यावस्तीवर बहुधा कुणीही नसते. घरातला पदवीपर्यंत पोचलेला तो पहिलाच असेल, तर हे एकटेपण आणखी वाढते.

शिकण्याला सोबत लागते, ही जाण आपल्याकडे नवी नाही. इथून जवळच नेवाशाला शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० मध्ये, ज्ञानेश्वरी सांगितली गेली आणि सच्चिदानंदबाबांनी ती उतरवून घेतली. त्या ग्रंथात श्रोते ठायी ठायी हजर आहेत. ज्ञानदेव त्यांचे अवधान मागतात, त्यांच्या मनातली शंका ओळखतात, आणि श्रोतेही मध्येच बोलतात. मराठीतला हा थोर ग्रंथ ऐकणाऱ्यांना जमेस धरून घडला आहे. त्यानंतरचा एक दाखला मुंबईचा आहे. १८४८ मध्ये एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनच्या विद्यार्थ्यांनी आणि तरुण शिक्षकांनी स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी स्थापन केली. सभासदांनी निबंध वाचावेत आणि इतरांनी त्यांवर चर्चा करावी, एवढीच तिची सुरुवातीची रीत. लवकरच ज्ञानप्रसारक सभा या नावाने तिच्या मराठी आणि गुजराती शाखा निघाल्या. १८४९ मध्ये याच मंडळींनी मुलींच्या शाळा काढल्या आणि सभासद तिथे स्वतः शिकवू लागले. निबंधावरच्या चर्चेपासून मुलींच्या शाळेपर्यंतचा पल्ला वर्ष-दीड वर्षात गाठला गेला, कारण नियमितपणे एकमेकांची मते तपासणाऱ्या मंडळींचा एकमेकांवर विश्वास बसला होता. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये साताऱ्यात छत्रपती शाहू बोर्डिंग सुरू केले तेव्हा त्यांनी वेगवेगळ्या जातींच्या मुलांना एका छपराखाली आणले, आणि एवढ्यावर न थांबता त्यांना एकत्र स्वयंपाकाला, एकत्र श्रमाला लावले. समूह कशाने घडतो हे कर्मवीरांनी नेमके ओळखले होते. सगळ्यांचे मिळून एक काम असावे लागते आणि त्या कामात प्रत्येकाचा वाटा दिसावा लागतो.

आता दूरशिक्षणाकडे येऊ. १ जुलै १९८९ रोजी नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले आणि प्राध्यापक राम ताकवले त्याचे पहिले कुलगुरू झाले. ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे ब्रीद घेऊन निघालेल्या या विद्यापीठाने शिक्षण अर्धवट सुटलेल्या गृहिणींना, पोलिसांना, कामगारांना, ग्रामपंचायतीच्या कर्मचाऱ्यांना पदवीची वाट मोकळी केली. घरी बसून स्वतःला शिकता यावे अशा रीतीने त्याची पुस्तके मुद्दाम लिहवून घेतली होती. तरीही अभ्यासकेंद्रे आणि तिथली संपर्क सत्रे त्या रचनेत पहिल्यापासून होती. विद्यार्थ्याला एकटे सोडून चालणार नाही, याचे भान त्यात होते. योगायोगाने त्याच वर्षी अमेरिकेतले दूरशिक्षणाचे अभ्यासक मायकेल मूर यांनी एक साधी आणि उपयोगी मांडणी केली. शिकताना तीन प्रकारचा व्यवहार चालतो, असे ते म्हणाले: विद्यार्थी आणि पाठ्यसामग्री, विद्यार्थी आणि शिक्षक, विद्यार्थी आणि विद्यार्थी. आपली व्यवस्था या मापाने तपासून पाहा. पहिल्यासाठी अभ्यासमंडळे आहेत, पाठ्यपुस्तके आहेत. दुसऱ्यासाठी वेळापत्रक आहे. तिसऱ्यासाठी काहीच नाही. तो व्यवहार आपण विद्यार्थ्यांच्या नशिबावर सोडलेला आहे.

नशिबावर सोडल्याने काय होते ते मोठ्या ऑनलाइन अभ्यासक्रमांनी दाखवले. हार्वर्ड आणि एमआयटी या दोन नामवंत विद्यापीठांच्या खुल्या अभ्यासक्रमांची आकडेवारी जस्टिन राइश आणि होसे रुइपेरेझ-व्हालिएन्ते यांनी तपासली आणि ती २०१९ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात छापली. २०१७-१८ या वर्षात नावे नोंदवलेल्यांपैकी अभ्यासक्रम पूर्ण करणारे फक्त ३.१३ टक्के होते. हा आकडा सावधपणे वाचायला हवा. फुकट आहे म्हणून नुसते डोकावून जाणारेही त्यात आहेत. निम्म्याहून अधिक लोकांनी नाव नोंदवल्यावर अभ्यासक्रम उघडलाही नव्हता. पण जगातले उत्तम अध्यापक, उत्तम चित्रफिती आणि फुकट प्रवेश एवढे सगळे असूनही माणसे टिकत नाहीत, हे त्यातून कळते. भारत सरकारने २०१७ मध्ये ‘स्वयम्’ हे ऑनलाइन अभ्यासक्रमांचे व्यासपीठ सुरू केले तेव्हा त्याच्या अभ्यासक्रमाचे चार भाग ठरवले होते: व्याख्यानाची चित्रफीत, वाचनसाहित्य, स्वतःची चाचणी आणि शंकांची ऑनलाइन चर्चा. म्हणजे चर्चेला आराखड्यात पहिल्यापासून जागा आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२१ च्या नियमांनी एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम ‘स्वयम्’वरून करायची मुभा दिली. पुढच्या काळात आपल्या विद्यार्थ्यांच्या शिक्षणातला मोठा वाटा असा दुरून येणार असेल, तर त्या चौथ्या भागाला कागदावर ठेवून चालणार नाही.

विद्यार्थ्यांच्या आपसातल्या बोलण्याने खरोखर फरक पडतो का? याचे मला सर्वांत पटलेले उत्तर ऑनलाइन शिक्षणाच्या फार आधीचे आहे. १९७० च्या दशकात अमेरिकेत बर्कलीच्या विद्यापीठात यूरी ट्राइझमन यांना एक प्रश्न छळत होता. कॅल्क्युलसच्या वर्गात कृष्णवर्णीय विद्यार्थी मोठ्या संख्येने नापास होत आणि चिनी वंशाचे विद्यार्थी चांगले यश मिळवत. सहकाऱ्यांना विचारले तर त्यांची उत्तरे तयार होती: जिद्द कमी, शाळेतली तयारी कच्ची, घरी शिक्षणाला किंमत नाही, पैशाची ओढाताण. आपल्याकडे ग्रामीण विद्यार्थ्यांविषयी हीच वाक्ये जशीच्या तशी ऐकायला मिळतात. ट्राइझमननी दोन्ही गटांतले वीस-वीस विद्यार्थी निवडून ते अभ्यास कसा करतात हे जवळून पाहिले आणि ही चारही उत्तरे टिकली नाहीत. कृष्णवर्णीय विद्यार्थी कष्ट करत होते, त्यांच्या घरच्यांना शिक्षणाची कळकळ होती, पण ते एकटे अभ्यास करत. मित्र वेगळे आणि अभ्यास वेगळा, अशी त्यांच्या आयुष्याची वाटणी झाली होती. चिनी विद्यार्थी आधी एकटे बसत, मग एकत्र येत, एकमेकांची उत्तरे तपासत, कुणाचे कुठे चुकले ते सांगत. अडलेले गणित इतरांनाही अडले आहे की आपल्यालाच, हे त्यांना माहीत असे. त्यानंतर ट्राइझमननी कार्यशाळा सुरू केल्या. त्या कच्च्यांच्या शिकवण्या नव्हत्या. छोटे गट, नेहमीपेक्षा अवघड गणिते आणि मोकळी चर्चा, असे त्यांचे स्वरूप होते, आणि त्यांत आलेल्या विद्यार्थ्यांचे निकाल ठळकपणे सुधारले. यातून मी दोन गोष्टी घेतो. एकट्याने केलेला कष्टाचा अभ्यास पुरत नाही, आणि विद्यार्थी एकत्र येतात ते अवघड प्रश्नाभोवती. ‘समूहभावना वाढवा’ असे सांगून ती वाढत नाही.

हे काम वर्गातच का होऊ नये, असे कुणी विचारील. व्हायला हवेच. पण शंभर-सव्वाशे विद्यार्थ्यांच्या वर्गात तासाला कितीजण बोलू शकतात? मेरी बड रो या संशोधिकेने १९७० च्या दशकात शाळांतल्या विज्ञानाच्या तासांची ध्वनिमुद्रणे तपासली. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एखादा सेकंद थांबत, आणि मग दुसऱ्याला विचारत किंवा स्वतःच उत्तर देऊन टाकत. ही वाट पाहण्याची वेळ तीन सेकंदांपर्यंत वाढवली तेव्हा उत्तरे लांबली, अधिक मुले बोलू लागली, आणि ज्यांना शिक्षक कच्चे समजत तीही मुले त्यात होती. तीन सेकंदांनी एवढा फरक पडत असेल तर तीन दिवसांनी किती पडेल? लेखी चर्चेत विद्यार्थ्याला विचार करायला, पुस्तक उघडून पाहायला, लिहिलेले खोडायला वेळ मिळतो. आपल्या वर्गांत गप्प बसणाऱ्या मुलांना कशाची भीती असते ते आठवा. इंग्रजी उच्चार चुकेल, बोलीतला शब्द तोंडून निघेल आणि मागच्या बाकावरून हशा पिकेल. मुलींना तर उभे राहून बोलले की सगळ्यांच्या नजरा वळतात याचाच संकोच. लेखी चर्चेत हा अडसर बराच कमी होतो. त्यासाठी पाठ्यपुस्तक इंग्रजी असले तरी चर्चा मराठीत, इंग्रजी संज्ञा मिसळलेल्या बोलीत, करायला मुभा असली पाहिजे. ज्या भाषेत मूल शंका घेते त्याच भाषेत त्याला ती लिहू द्यावी. शुद्धलेखनाचे गुण तिथे कापू नयेत.

अशी चर्चा प्रत्यक्षात कशी चालते ते एका उदाहरणाने सांगतो. कृषी पदवीच्या शेवटच्या वर्षाला विद्यार्थी कृषिदूत आणि कृषिकन्या म्हणून गावोगाव विखुरतात. समजा, घोडेगावच्या बाजूला गेलेल्या एका कृषिकन्येला कांद्याच्या पातीवर डाग दिसले. तिने फोटो टाकून ‘सर, काय फवारू?’ एवढेच विचारले तर सरांनी औषधाचे नाव सांगायचे आणि विषय संपायचा. तेच वर्गाच्या चर्चेत विचारले, सरांनी दोन दिवस गप्प राहायचे ठरवले, आणि इतरांना एकच सूचना असली की उत्तराआधी प्रत्येकाने एक माहिती मागायची, तर काय होईल? एकजण विचारील, लागवड कधीची? दुसरी विचारील, डाग कसे आहेत, जांभळट लांबट की पांढरट चमकणारे ओरखडे? तिसरा म्हणेल, दव किती पडतंय, पाणी किती दिवसांनी देतात? चौथी म्हणेल, पात उकलून आतल्या बेचक्यात पाहिलंस का, फुलकिडे तिथे दडतात. मग ती पुन्हा शेतात जाईल, पाहील, लिहील. फुलकिड्यांनी ओरखडलेल्या पातीतून जांभळ्या करप्याला वाट मिळते, म्हणजे दोन्ही एकदमच असू शकतात, इथपर्यंत ही मुले आपापसांत पोचतील. तिसऱ्या दिवशी सरांनी यावे, काय बरोबर होते ते सांगावे, कोणता प्रश्न सर्वांत उपयोगी ठरला ते नाव घेऊन सांगावे, आणि राहिलेला दुवा जोडावा. वाणिज्याच्या वर्गात हेच घसाऱ्याबद्दल होऊ शकते. गावातल्या पिठाच्या गिरणीच्या यंत्राला स्थिर हप्ता पद्धत लावायची की घटत्या शिल्लक पद्धतीने जायचे, यावर दहा विद्यार्थी आपापल्या गावची गिरणी डोळ्यांपुढे ठेवून वाद घालू शकतात.

अशा चर्चेला काही पथ्ये पाळावी लागतात. गट आठ-दहा जणांचा असावा, कारण सव्वाशेंच्या यादीत कुणालाच आपण बोललो नाही याची खंत वाटत नाही. प्रश्नाला एका ओळीचे तयार उत्तर नसावे. दर आठवड्याला एकाने चर्चेचे सार लिहावे आणि ही पाळी प्रत्येकावर यावी. कॅनडातल्या गॅरिसन, अँडरसन आणि आर्चर या अभ्यासकांनी २००० मध्ये लेखी चर्चेतून शिकण्याची तीन अंगे सांगितली: माणसे एकमेकांना माणूस म्हणून जाणवणे, विचार पुढे सरकणे, आणि शिक्षकाचे असणे. तिसऱ्या अंगाकडे आपल्याकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते. शिक्षक बाजूला झाला की चर्चा गप्पांत विरते, आणि प्रत्येक प्रश्नाला तोच उत्तर देऊ लागला की विद्यार्थी पुन्हा ऐकणारे होतात. गुण द्यायचे असतील तर थोडे द्यावेत, आणि संदेश मोजून मुळीच देऊ नयेत. ‘प्रत्येकाने दोघांना उत्तर द्यावे’ असा नियम केला की ‘छान लिहिलंस’ या उत्तरांचा पाऊस पडतो. गुण चांगल्या प्रश्नाला आणि प्रामाणिक साराला असावेत.

आता आक्षेपांकडे वळतो. पहिला आक्षेप साधनांचा, आणि तो खरा आहे. ग्रामीण शिक्षणाची पाहणी करणाऱ्या ‘असर’च्या सर्वेक्षणांनुसार ग्रामीण भारतात स्मार्टफोन असलेल्या घरांतल्या शाळकरी मुलांचे प्रमाण २०१८ मध्ये ३६.५ टक्के होते, २०२१ मध्ये ते ६७.६ टक्के झाले. पण घरात फोन असलेल्या मुलांपैकीही सुमारे २६ टक्के मुलांच्या हाती तो येत नव्हता. महाविद्यालयात चित्र थोडे बरे असले तरी घरातला एक फोन भावाकडे आणि बहीण वाट पाहत बसलेली, हे दृश्य संपलेले नाही. म्हणूनच मी चर्चा लेखी असावी असे म्हणतो. चित्रफितीला जेवढा डेटा लागतो त्याच्या किरकोळ अंशात आठवड्याभराचे लिखाण मावते. ठरावीक वेळी हजर राहायची सक्ती नसते, फोन रात्री अर्धा तास मिळाला तरी भागते. ज्यांना तेवढाही मिळत नाही त्यांच्यासाठी ग्रंथालयातले संगणक खुले ठेवावेत आणि आठवड्याचे सार छापून सूचनाफलकावर लावावे. त्यावर कागदावर लिहिलेले उत्तरही चर्चेत धरावे.

दुसरा आक्षेप उसन्या उत्तरांचा. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आले, आता कुणीही तयार उत्तर आणून चिकटवील. व्याख्यात्मक प्रश्न विचारले तर चिकटवीलच. पण आपल्या शेतातल्या पातीवरचा डाग, आपल्या गावच्या गिरणीचा हिशेब, आपल्या ग्रामपंचायतीचा ठराव हे यंत्राला ठाऊक नसते, आणि ‘हे तू कुठे पाहिलंस?’ असे सोबत्याने विचारले की उसनवारी उघडी पडते. तयार उत्तरच चर्चेला ठेवून त्यातल्या चुका काढायला सांगणे, हाही चांगला अभ्यास आहे.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे: समोरासमोर बसून जे होते ते पडद्यावर होत नाही. मला हे मान्य आहे. टाळेबंदीत ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ म्हणत आपल्या शिक्षकांनी धडपड केली, सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’सारखी मालिका चालवली गेली, आणि फोन नसलेल्या घरांपर्यंत काहीतरी पोचले. त्या प्रयत्नांचे मोल मोठे आहे. पण महाविद्यालयांत आपण बहुतेक ठिकाणी तासभराचे व्याख्यान तेवढे फोनवर नेले, विद्यार्थ्यांचे आपसातले बोलणे नेले नाही. मग पडद्यावर रिकामे चौकोन आणि बंद माइक उरले. त्या दोन वर्षांच्या अनुभवावरून ऑनलाइन शिक्षणात समूह घडत नाही असा निष्कर्ष काढणे घाईचे आहे, कारण समूह घडवण्याचा प्रयत्न तिथे क्वचितच झाला. लेखी चर्चेने वर्गाची जागा घ्यावी असे मी म्हणतच नाही. ती तासाआधी आणि तासानंतर चालावी. चर्चेत अडलेला प्रश्न घेऊन वर्गात आलेला विद्यार्थी त्या तासाला वेगळ्या कानांनी बसतो.

चौथा आक्षेप अध्यापकांचा. आधीच रिक्त जागा, तासिका तत्त्वावरचे तुटपुंजे मानधन, त्यात हे नवे ओझे कुणी उचलायचे? हे ओझे खरे आहे. अमेरिकेतल्या जॉर्जिया टेक विद्यापीठात अशोक गोयल यांच्या एका अभ्यासक्रमात सुमारे ३०० विद्यार्थी एका सत्रात जवळपास १०,००० संदेश लिहीत, म्हणून त्यांनी २०१६ मध्ये ठरावीक प्रश्नांना उत्तरे देणारा यांत्रिक साहाय्यक वापरून पाहिला. तारखा आणि नियमांचे प्रश्न यंत्राने किंवा वर्गप्रतिनिधीने सांभाळावेत, हे ठीक. विचाराच्या प्रश्नांना मात्र माणूसच लागतो, आणि त्या माणसाच्या वेळेला मोल द्यावे लागते. संस्थाचालकांना माझे स्पष्ट सांगणे आहे की आठवड्याचे चर्चेचे तास कार्यभारात धरल्याशिवाय ही अपेक्षा करू नये. तासिका तत्त्वावरच्या शिक्षकाला त्या तासांचे मानधन मिळाले पाहिजे. फुकट कामावर उभा केलेला उपक्रम एका सत्रात थकतो.

पाचवा आक्षेप सुरक्षिततेचा आणि जातीचा आहे, आणि तो मी मुद्दाम शेवटी ठेवला आहे. ग्रुपमध्ये नंबर दिसतात, मग रात्रीबेरात्री मुलींना संदेश येतात, ही तक्रार खरी आहे. म्हणून चर्चा व्हॉट्सॲपवर न ठेवता गूगल क्लासरूमसारख्या, नंबर न दिसणाऱ्या जागी ठेवावी. वागण्याचे नियम पहिल्या दिवशी लिहून द्यावेत, आणि अंतर्गत तक्रार समितीचा पत्ता तिथेच ठळक असावा. जातीचा प्रश्न याहून खोल आहे. जानेवारी २०१३ मध्ये सोनईत तीन दलित तरुणांची हत्या झाली. ती आठवण टाळून या गावात विद्यार्थ्यांच्या समूहाविषयी बोलणे अप्रामाणिकपणाचे होईल. अशा हिंसेवर लेखी चर्चा हा उपाय आहे असा दावा करण्याचा उथळपणा मी करणार नाही. पण विद्यार्थ्यांवर सोडले तर ग्रुपही वस्तीवस्तीचे आणि जातीजातीचे बनतात, हे आपल्याला दिसते. गट शिक्षकाने करावेत, मिसळून करावेत, दर सत्राला बदलावेत. कर्मवीरांनी बोर्डिंगमध्ये पंगतीबाबत जो आग्रह धरला तोच आपण अभ्यासाबाबत धरला पाहिजे. ज्याच्या उत्तरामुळे आपले गणित सुटले, त्याच्याकडे फक्त आडनावावरून पाहणे थोडे तरी अवघड होते.

थांबण्याआधी आणखी एका विद्यार्थ्याचा विचार करू. उसाच्या गाळपाचा हंगाम दिवाळीच्या सुमारास सुरू होतो आणि मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. पाथर्डी, शेवगाव आणि बीड जिल्ह्यातले आष्टी, पाटोदा, शिरूर कासार या भागांतून कोयता घेऊन ऊसतोड कामगारांच्या टोळ्या कारखान्यांच्या परिसरात येतात. त्यांच्या शाळकरी मुलांसाठी साखरशाळा आणि हंगामी वसतिगृहे असे उपाय झाले. बारावीला किंवा पदवीला नाव घातलेला, पण आगाऊ घेतलेली उचल फेडायला आईवडिलांबरोबर उसाच्या फडात उतरलेला मुलगा किंवा मुलगी मात्र कुणाच्याच हिशेबात नसते. हजेरी जाते, ओळखी तुटतात, परीक्षेला परत आल्यावर वर्ग परका वाटतो आणि बहुधा तिथेच शिक्षण सुटते. अशा विद्यार्थ्याला चित्रफितींचा ढीग देऊन काय उपयोग? रात्री कोपीवर, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत, परतल्यावर वाचता येईल असे आठवड्याचे सार, आणि ‘तुझं काय मत, तू अजून लिहिलं नाहीस’ असे विचारणारे आठ सोबती त्याला मिळाले, तर त्याची वर्गातली जागा तरी शाबूत राहील. कुठल्याही योजनेची किंमत ती शेवटच्या बाकावरच्याला किती धरून ठेवते यावर ठरते. ही योजना मी त्याच मापाने मोजायला तयार आहे.

म्हणून माझी मागणी लहान आणि ठोस आहे. या परिसरातल्या प्रत्येक महाविद्यालयाने येत्या सत्रात निदान एका विषयाची अशी चर्चा चालवावी. गट आठ-दहांचे, प्रश्न गावाशी बांधलेले, भाषा मराठी, शिक्षकाचे तास मोजलेले. उत्तम सारांश महाविद्यालयाच्या वार्षिक नियतकालिकात विद्यार्थ्यांच्या नावानिशी छापावेत. आणि वर्षाअखेर प्राचार्यांनी अहवालात निकालाच्या टक्केवारीशेजारी तीन आकडे द्यावेत: किती विद्यार्थ्यांनी विषयातला प्रश्न सर्वांसमोर विचारला, त्यांपैकी किती प्रश्नांना विद्यार्थ्यांनीच उत्तर दिले, आणि हंगामाला गेलेल्यांपैकी किती परत येऊन परीक्षेला बसले. हे आकडे पहिल्या वर्षी लहान असतील. तरी ते छापले गेले, वाचले गेले, आणि त्यांवरून प्राध्यापकांच्या बैठकीत वाद झाला, तर काम सुरू झाले असे मी समजेन.

आता प्रश्न विचारावेत, आणि विद्यार्थ्यांनी आधी विचारावेत, ही विनंती.